एकाच हायस्कुलाचे गाव

तालुक्याच्या गावातल्या हायस्कुलाला पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर वर्षे झाली की स्मरणिका निघते. संस्थापकांचे फोटो, देणगीदारांची यादी, गावातल्या दुकानांच्या जाहिराती झाल्या की माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी सुरू होतात. १९४५ ते १९७० या काळात शिकलेल्यांचे लेख त्यांत सर्वांत लांब आणि सर्वांत ओलाव्याचे असतात. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, गणिताच्या सरांची छडी, ड्रिलमास्तरांची शिट्टी, हस्तलिखित मासिक, गॅदरिंगच्या नाटकात स्त्रीपार्ट करणारा वर्गमित्र, नदीच्या डोहातले पोहणे, आठवड्याचा बाजार, जत्रेतला तंबूतला सिनेमा. हे सारे इतक्या ठिकाणी इतक्या सारखेपणाने लिहिले गेले आहे की स्मरणरंजन म्हणून ते सहज बाजूला सारले जाते. तसे करू नये, असे माझे म्हणणे आहे. या आठवणी एका खऱ्या गोष्टीची साक्ष देतात. चूक होते ती तिचे कारण सांगताना. लिहिणारे म्हणतात, तेव्हा शिक्षक थोर होते, शिस्त होती, संस्कार होते. मला या लेखांत दिसते ते असे, की गावात हायस्कूल एकच होते आणि सातवीच्या पुढे जाऊ शकलेली गावातली मुले एकाच छपराखाली बसत होती. ही स्थिती जेमतेम तीस-पस्तीस वर्षे टिकली, आणि या आठवणींतला जिव्हाळा तिच्यातून आलेला आहे.

ती स्थिती आपोआप आली नव्हती. पुण्यात १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हापासून खाजगी शिक्षणसंस्थेचा एक नमुना तयार झाला आणि पुढच्या काही दशकांत तो तालुक्यापर्यंत उतरला. गावातले वकील, डॉक्टर, व्यापारी एकत्र येऊन मंडळ स्थापन करत. कुणी वाडा देई, कुणी जागा, कुणी बांधकामाचे लाकूड. कराडचे टिळक हायस्कूल अशा शाळांपैकी एक. यशवंतराव चव्हाण तिथलेच विद्यार्थी. १९३२ साली चळवळीपायी झालेली अठरा महिन्यांची शिक्षा भोगून आल्यावर ते मॅट्रिक झाले. या शाळांचा तोंडवळा मात्र बराच काळ पांढरपेशा राहिला. दुसरा प्रवाह त्याच सातारा जिल्ह्यात सुरू झाला. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले, जिथे मुले फी न भरता श्रम करून शिकत. स्वातंत्र्याच्या आगेमागे हे दोन प्रवाह एकमेकांजवळ आले. मंडळाच्या जुन्या हायस्कुलात खेड्यांवरची मुले चालत येऊ लागली आणि रयतेच्या नव्या हायस्कुलांत गावातल्या पेठेतली.

इथे एक तपशील फार महत्त्वाचा आहे. पूर्वी चौथी मराठी झाली की ऐपतदाराचा मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जाई, बाकीचे मराठी शाळेतच राहून फायनलची परीक्षा देत आणि तलाठी किंवा प्राथमिक मास्तर होण्याची आशा धरत. म्हणजे दहाव्या-अकराव्या वर्षीच वाटा फुटत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने पाचवी ते सातवीतली इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली. या धोरणावर शहरी पालक फार चिडले होते, आणि उच्च शिक्षणाच्या दृष्टीने त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण तालुक्याच्या गावी त्याचा एक परिणाम असा झाला की वकिलाचा मुलगा आणि वाडीवरून आलेला मुलगा यांनी ए, बी, सी, डी एकाच दिवशी, एकाच फळ्यावर गिरवली. पुढे चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १,२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळाली. त्याआधी नादारीसाठी हेडमास्तरांकडे अर्ज करावा लागे आणि अर्धी नादारी मिळाली तरी घरात समाधान असे. माजी विद्यार्थ्यांच्या लेखांत ‘आमच्यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता’ हे वाक्य हमखास येते. भेद होताच. पण तो ज्या दोन ठिकाणी सर्वांत जास्त बोचला असता, इंग्रजीत आणि फीमध्ये, तिथे सरकारी निर्णयांनी त्याची धार काही वर्षे बोथट केली होती. हे श्रेय संस्कारांच्या नावावर जमा होते, याचे मला वाईट वाटते. धोरणाने जे केले त्याची नोंद धोरणाच्या नावे राहिली, तरच ते पुन्हा मागता येते.

गावही या शाळेपासून वेगळे काढता येत नाही. संस्कृतचे शिक्षक संध्याकाळी वाचनालयाचे कार्यवाह असत, चित्रकलेचे शिक्षक गणेशोत्सवाची आरास करत, हेडमास्तर व्याख्यानमालेच्या पाहुण्यांना स्टँडवर आणायला जात. ज्याच्या दुकानातून वह्या घ्यायच्या तो शाळेच्या मंडळावर, आणि ज्याने वर्गात उभे केले तो मास्तर बाजारात वडिलांच्या शेजारी उभा राहून वांगी निवडताना भेटे. मुलाची प्रगती कळायला पालकसभा लागत नसे. प्रगतिपुस्तकावर सही होण्याआधीच बातमी घरी पोहोचलेली असे. अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या एसएससीचा, निकाल वर्तमानपत्रात नंबरांनी छापून येई. एसटीने येणाऱ्या अंकाच्या गठ्ठ्याभोवती माणसे जमत आणि पेपर वाचणारा ज्याचा नंबर सापडला त्याचे नाव मोठ्याने सांगे. कोण पास झाले आणि कोण राहिले, हे सगळ्या गावाला एकदमच समजे. नापास होणाऱ्याला ते किती कठीण जात असेल, याचा उल्लेख या लेखांत क्वचित येतो, कारण लिहिणारे बहुधा पास झालेले असतात. त्या निकालात गावाचा वाटा होता, हे मात्र नाकारता येत नाही. पैसे गावाने दिले होते, मास्तरही गावात राहत होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग शिक्षक चांगले नव्हतेच काय? होते, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी तुटपुंज्या पगारात जन्म काढला. पण चांगुलपणाचेही कारण शोधावे लागते. त्या काळात तालुक्याच्या गावी पदवीधराला दुसरे काम फारसे नव्हते. कचेरी, कोर्ट किंवा शाळा. आज जी माणसे बँकेत, संगणक कंपनीत किंवा परदेशात जातील, ती तेव्हा बी.ए., बी.टी. होऊन आठवीला भूगोल शिकवत. शिवाय त्यांच्यासमोरचा वर्ग आधीच गाळून आलेला असे. आठवीला भरगच्च असलेला वर्ग अकरावीपर्यंत विरळ होई आणि राहिलेल्यांना शिकवणे साहजिकच सोपे जाई. ‘आमच्या वेळी मुले अभ्यासू होती’ या विधानातून न आलेल्या मुलांची बेरीज राहून जाते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. ‘एकाच छपराखाली’ हे कुणाच्या बाबतीत खरे? १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि स्त्रियांची ९ टक्क्यांहूनही कमी. मुलींची पहिली बाकडी आठवणीत राहतात, पण सातवीनंतर लग्न होऊन गेलेल्या मुलींचा लेख स्मरणिकेत नसतो. दलित मुलांना वसतिगृह मिळाले तर शिक्षण मिळे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये संगमनेर येते, ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये रत्नागिरी, तीही त्याच काळाची आणि तशाच गावांची साक्ष आहे, आणि ती वाचली की सुवर्णमहोत्सवी लेखांतला एकोपा आक्रसतो. तरीही या पुस्तकांमुळे माझे म्हणणे मोडत नाही, ते अधिक नेमके होते. तिथला अपमान इतका टोकदार आहे तो बाजूच्या मुलाबरोबर एकाच वर्गात बसावे लागल्यामुळेही. वेगळ्या शाळांत वाढलेल्यांना एकमेकांचा डबा ठाऊक नसतो. एका शाळेने समता आणली, असे मी म्हणत नाही. विषमता दोन्ही बाजूंना रोज समोरासमोर दिसत राहिली, हे त्या शाळेमुळे घडले.

आणखी एक मौन दक्षिण महाराष्ट्रातल्या स्मरणिकांत जाणवते. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि अनेक कुटुंबे पुण्या-मुंबईकडे गेली. पाठोपाठ कूळकायदा आला. शाळेचे चालक, शिक्षक आणि विद्यार्थी या तिन्ही घडणींवर याचा परिणाम झाला असणार, पण आठवणी त्या वर्षावरून सरळ पुढे जातात. समजण्यासारखे आहे, ज्यांनी जाळले आणि ज्यांचे जळले त्यांची मुले पुढे एकाच मेळाव्याला येतात.

हे सारे संपले कसे? १९७५ साली अकरावीची एसएससी जाऊन दहावीची आली, हा सोयीचा टप्पा आहे, पण खरे कारण ते नाही. गावाकडे पैसा आला, दुसरे हायस्कूल निघाले, मग इंग्रजी माध्यमाची शाळा आणि तिची पिवळी बस. १९६४ ते ६६ या काळातल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, परिसरातल्या सर्व थरांतील मुलांसाठी समान शाळा असावी अशी शिफारस केली. ती देशभर कागदावर राहिली. तालुक्याच्या गावांत मात्र तिच्यातला काही भाग, कुणी ठरवलेला नसताना, आयोग बसला त्या वेळी चालू होता. आणि ज्यांनी तो अनुभवला त्यांच्यातल्या अनेकांनी आपली मुले तशा शाळेत घातली नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तोवर गावही बदलले होते आणि त्यांचा पत्ताही. पण ते जेव्हा लिहितात की ‘तशी शाळा आता राहिली नाही’, तेव्हा छडी आणि प्रार्थना यांच्यापेक्षा या निवडीकडे पाहायला हवे.

पुढची स्मरणिका काढणाऱ्यांना एक काम करता येईल. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते आणि ते कायम जपायचे असते. विद्यार्थ्याची जात, जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, अशा रकान्यांनी ते भरलेले असते. नावे न छापता १९५० च्या आठवीची एक तुकडी घ्यावी आणि अकरावीपर्यंत तिच्यातले किती, कुठून आलेले आणि कोणत्या कारणाने गळाले, एवढे आठवणींच्या शेजारी मांडावे. त्या तुकडीतले जे आज हयात असतील ते नव्वदीच्या घरात आहेत. शाळा सोडल्याच्या रकान्यात ज्यांच्यापुढे ‘लग्न’ किंवा ‘घरकाम’ लिहिले आहे, त्यांच्याकडे लेखासाठी पहिल्यांदा जावे.