गोणपाट आणि चमचा

कळमन्यात राहणाऱ्याला गोणपाटाचं काय अप्रूप? बाजार समितीच्या यार्डात जिकडे पाहाल तिकडे बारदाना. धान्याची पोती, मिरचीची पोती, रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या आणि दुपारच्याला त्यांच्यावरच आडवे झालेले हमाल. आता प्लास्टिकची पोती जास्त दिसतात, पण गोणपाट अजून गेलेलं नाही.

तरी एका गोणपाटाने मला बरेच दिवस छळलंय. ते बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसावं लागे, स्वतःच्या गोणपाटाच्या तुकड्यावर. इथवर आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलेलं असतं. खरा काटा पुढे आहे. शाळा सुटली की ते गोणपाट घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे! नळाचंही तेच. तोटी शिपायाने फिरवायची. शिपाई नाही, तर पाणी नाही.

या आठवणी बाबासाहेबांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. पुस्तिका निघाली १९९० साली, आणि मग सरकारी ग्रंथमालेच्या १२व्या खंडात त्या आल्या. खंडाचे संपादक वसंत मून, आपल्या नागपूरचेच. त्यांची स्वतःची 'वस्ती' (१९९५) अजून वाचली नसेल तर जरूर वाचा.

हे गोणपाट डोक्यात असतानाच प्रीमो लेवी वाचला. इटलीचा ज्यू, रसायनशास्त्रज्ञ, १९४४ मध्ये आऊशवित्झला नेलेला. शेवटच्या पुस्तकात (१९८६) त्याने चमच्याबद्दल लिहिलंय. छावणीत नव्या कैद्याला चमचा देत नसत. रोजचं पातळ सूप कुत्र्यासारखं जिभेने लपलप प्यायचं, नाहीतर पोटाला चिमटा काढून, अर्ध्या दिवसाचा पाव देऊन चोरबाजारात चमचा घ्यायचा. सुटका झाल्यावर कोठारात काय सापडलं? हजारो कोरे चमचे. शिवाय कैद्यांच्याच सामानातून काढून घेतलेले अॅल्युमिनियमचे, स्टीलचे, चांदीचेसुद्धा! म्हणजे चमच्यांची टंचाई नव्हतीच. माणसाला खाली वाकवायचं होतं, एवढंच.

एक स्पष्ट करतो. मी दोन दुःखं एका तराजूत घालत नाहीये. तिथे सुमारे ६० लाख ज्यूंना मारणारी सरकारी यंत्रणा होती, इथे शतकानुशतकं चाललेली आणि घराघरात पाळलेली रीत. पण शाळा झाडणारा गडी आणि चमचे कुलपात ठेवणारा कारकून, दोघांनाही मोठं काही करावं लागलं नाही. वस्तूला हात लावायचा नाही किंवा वस्तू द्यायची नाही. झालं.

समीक्षक अशा वस्तूंना 'प्रतीक' म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. भुकेल्या माणसाला चमचा कशाचं प्रतीक वाटेल हो? प्रतीक आपल्याला दिसतं, जेवून-खाऊन पुस्तक उघडणाऱ्यांना. लिहिणाऱ्यासाठी तो पुरावा असतो. 'असं झालंच नसेल' म्हणणाऱ्यापुढे ठेवायला. एली विझेलच्या 'नाइट'मध्ये बापाला वाटतं की आता आपला नंबर लागला. तो मुलाच्या हातात आपला सुरी आणि चमचा देतो. वारसा म्हणून दुसरं काही उरलेलंच नाही. त्या दिवशी बाप वाचतो, आणि मुलगा दोन्ही वस्तू त्याला परत करतो. हे परत करणं मला देण्यापेक्षाही जास्त लागतं.

आपल्या आत्मकथनांतही अशा वस्तू पानोपानी आहेत. बेबी कांबळे 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) सांगतात की महार बायकांना लुगड्याचा काठ दिसू नये असं नेसावं लागे. काठ असायचा, पण दाखवायचा नाही! ऊर्मिला पवारांनी तर आपल्या पुस्तकाला नावच 'आयदान' (२००३) दिलं. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, सुपं, टोपल्या. नवरा गेल्यावर त्यांच्या आईने आयदानं विणून घर चालवलं, आणि आईचं विणणं आणि आपलं लिहिणं एकाच जातीचं आहे असं लेकीला वाटतं. इथे वस्तू अपमानाची राहत नाही, कमाईची होते. दलित आत्मकथनांत फक्त रडगाणं असतं असं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं एक पुस्तक वाचावं.

आपल्या जवळ चिचोलीच्या शांतिवनासाठी वामनराव गोडबोल्यांच्या धडपडीतून बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जमा झाल्या. कोट, टाइपरायटर वगैरे. फार मोठं काम. पण ते गोणपाट कोण जपणार? आऊशवित्झच्या संग्रहालयात सुमारे १ लाख १० हजार बूट आहेत, कारण मारणाऱ्यांनीच ते साठवले होते. आपल्याकडच्या वस्तू वापरून झिजल्या, फाटल्या, चुलीत गेल्या. उरल्या त्या लिहिल्या म्हणून.

त्यातलीच एक, त्याच पुस्तिकेतली. साताऱ्यात न्हाव्यांची कमतरता नव्हती आणि त्यांना पैसे देण्याची घरची ऐपतही होती. पण या मुलांचे केस न्हावी कापत नसे. ते काम थोरल्या बहिणीकडे होतं. सरावाने तिचा हात चांगला बसला होता, असं बाबासाहेबांनी लिहिलंय.