मोहाची धार आणि स्कॉचचा पेग : विदर्भाच्या दारूचा इतिहास

पत्रिकेवरचं आजच्या विषयाचं नाव वाचून काही जण गालातल्या गालात हसत आत आले, ते मी पाहिलंय. हरकत नाही. दारूचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे एक तर हसू येतं, नाही तर कपाळाला आठी पडते. माझा प्रश्न साधा आहे. फ्रान्समधल्या एका गावाच्या नावाने कोन्याक जगभर विकली जाते, स्कॉटलंडच्या एका खोऱ्याचं नाव बाटलीवर छापलं की किंमत चढते. मग गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातल्या मोहाच्या दारूचं नाव आपल्याला फक्त पोलिसांच्या बातमीतच का वाचायला मिळतं? "मोहफुलाचा सडवा नष्ट, मुद्देमाल जप्त." वर्षानुवर्षं तीच बातमी, गावाचं नाव तेवढं बदललेलं.

सुरुवात जरा लांबून करतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, म्हणजे त्या काळचं उत्पादन शुल्क खातंच म्हणा. त्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय असे प्रकार दिलेत आणि मधु म्हणजे द्राक्षांचा रस. या मधूची नावं पाहा : कापिशायन आणि हारहूरक. दोन्ही प्रदेशांवरून पडलेली. मालाची ओळख त्याच्या मुलखावरून सांगायची, ही पद्धत युरोपातून आयात झालेली नाही. मोहाला संस्कृतात मधूक म्हणतात, आणि चरकसंहितेत ग्रहणीच्या प्रकरणात मधूकासव आहे. म्हणजे मोहफूल वैद्याच्या घरातही होतं.

आता आपल्या घराजवळ या. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आपलं नगरधन. पाचव्या शतकातल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यात चम्मक इथे सापडला. ब्राह्मणांना गाव दान दिलंय आणि गावाला कोणत्या गोष्टींतून सूट, त्याची यादी दिलीय. तिच्यात मिठाबरोबर 'क्लिन्न' हा शब्द येतो. क्लिन्न म्हणजे भिजवून आंबवलेलं. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे सगळे लेख संपादित केले, १९६३ साली तो ग्रंथ निघाला. सूट द्यायची तर आधी हक्क असावा लागतो. तेव्हा दीड हजार वर्षांपूर्वी विदर्भात मद्यावर राजाचा हक्क होता, एवढं त्यातून निघतं. मद्य मोहाचंच होतं का, हे ताम्रपट सांगत नाही, आणि आपणही त्याच्या तोंडी घालायला नको.

मोहाचं झाड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असेल. मार्च-एप्रिलमध्ये पानं गळतात, आणि पहाटे टपोरी, पिवळसर पांढरी, रसाळ फुलं टपटप खाली पडतात. बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचं असतं. म्हणून ते आधी अन्न आहे, दारू नंतर. फुलं भाजून खातात, भाकरीत घालतात, लाडू करतात, फळाच्या बीचं तेल काढतात. दुष्काळात या झाडाने माणसं जगवलीत.

दारूची रीतही बघण्यासारखी आहे. वाळलेली फुलं पाण्यात चार-सहा दिवस आंबवायची, तो सडवा. मग मडक्यावर मडकं. खालच्या मडक्यात सडवा उकळतो, वरच्या भांड्यात गार पाणी, वाफ त्याला लागून थंड होते आणि धार पडते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. किती वेळा बदललं त्यावर मालाची ताकद ठरते, कारण जितकं उशिरा पडेल तितकं मिळमिळीत. आपण "पहिल्या धारेची" म्हणतो ना, अगदी शुद्ध, अस्सल या अर्थाने, तो शब्द भट्टीवरचाच आहे. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण आणि पेनाची पूजा, यांतलं काही तिच्याशिवाय होत नाही. पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर, पूर्वजांच्या नावाने.

मग बिघडलं कुठे? १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि इंग्रजांनी आबकारीकडे उत्पन्नाचं साधन म्हणून पाहायला सुरुवात केली. एक पद्धत अशी की एका भागात भट्टी लावायचा आणि विकायचा हक्क लिलावात द्यायचा. लिलावाची रक्कम ठरलेली, मग जितकं जास्त खपवाल तितका फायदा तुमचा! दुसरी पद्धत मोठ्या मध्यवर्ती भट्टीची, गॅलनमागे कर. १९०५-०६ च्या भारतीय आबकारी समितीने कंत्राटी भट्टीची बाजू घेतली आणि गावोगावच्या छोट्या भट्ट्या मागे पडल्या. गंमत अशी की मध्य प्रांतात परवान्याची दारूही मोहाचीच असे. फूल तेच, फक्त घरी गाळली तर गुन्हा आणि ठेकेदाराने गाळली तर महसूल. मुंबई इलाख्याने तर १८९२ मध्ये मोहफुलांसाठी वेगळा कायदाच केला, ठाणे-कुलाब्याकडे. फूल जवळ बाळगणंच संशयास्पद! डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातबद्दल लिहिताना रिवाजाचा गुन्हा कसा झाला हे दाखवलंय. ते आपल्याकडेही लागू पडतं.

आता याच काळात स्कॉटलंडमध्ये काय चाललं होतं ते पाहा. तिथेही डोंगरात चोरट्या भट्ट्या होत्याच, सरकारी माणसांना हुलकावण्या देणं होतंच. पण १८२३ मध्ये ब्रिटिश संसदेने कर निम्म्याहून खाली आणला आणि दहा पौंडांत छोट्या भट्टीला परवाना दिला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना काढला. त्या खोऱ्याचं नाव आज नागपूरच्या दुकानातही दिसतं. संसद एकच. तिकडच्या शेतकऱ्याला कायद्याच्या आत घेतलं, इकडच्याला बाहेर ठेवलं. माझ्या मते सगळ्या कथेचा कणा हाच आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. स्कॉच किमान तीन वर्षं पिंपात मुरवावी लागते. ज्याच्या घरावर उद्या धाड पडायची आहे, तो तीन वर्षं काय मुरवणार? आज गाळा, आज संपवा. चव घडायला सवड लागते आणि सवड परवान्याने मिळते.

कामठीची छावणी १८२१ ची. साहेबांचं पेय आधी ब्रँडी-सोडा होतं. पुढे फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, ब्रँडी महागली, आणि व्हिस्कीचा पेग आला. आपल्या शिकलेल्या वर्गाने तोच उचलला. बरं, आपली बहुतेक देशी व्हिस्की कशाची असते? उसाच्या मळीच्या स्पिरिटमध्ये थोडं माल्ट. आणि देशी दारू? तीही मळीचीच, वर संत्र्याचा वास. "संत्रा" हे नाव महाराष्ट्रभर चालतं, त्यात आपल्या संत्र्याचा थेंब नसतो, तरी बदनामी मात्र नागपूरची!

द्राक्षाचं नशीब वेगळं. नारायणगावला १९८० च्या दशकात चौगुल्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसणारी वाईन केली. १९९९ मध्ये नाशकात सुला सुरू झाली, आणि शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनची नावं मराठी शेतकऱ्याच्या तोंडी आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, २०१० मध्ये नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्याच्या काजू फेणीला ते २००९ मध्येच मिळालं होतं. काजू पोर्तुगिजांनी आणलेला, द्राक्षाची वाणं फ्रेंच, आणि आपला मोह इथलाच. त्याच्यावरचे गोळा करण्याचे आणि वाहतुकीचे निर्बंध उठायला महाराष्ट्रात २०२१ उजाडलं.

पण थांबा. मी मोहाचा जाहिरातदार नाही. नागपुरात डिसेंबर १९२० चं काँग्रेस अधिवेशन झालं आणि पुढच्या वर्षी इथेच दारूच्या दुकानांवर पिकेटिंग झालं. १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडाने दारूबंदीचा कायदा केला. वर्धा १९७४ पासून कोरडा. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली, ती मुंबईच्या कुणी लादली नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासोबत गावांनी, विशेषतः बायकांनी, ती मागितली होती. का मागितली? कारण सणाला गाळलेली दारू वेगळी आणि नवसागर, काळा गूळ घालून रोज विकायला गाळलेली वेगळी. दुसरीने घरं मोडली. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली, २०२१ ला उठली, दोन्ही वेळा लोक रस्त्यावर. त्या बायकांसमोर जाऊन "हा तुमचा वारसा आहे" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून वाट करून दिली आहे. तसं इथे करायचं झालं तर पहिला प्रश्न हाच की भट्टीचा परवाना कुणाच्या नावावर निघणार. फुलं वेचणाऱ्या बाईच्या, की जिल्ह्याबाहेरच्या कंपनीच्या?

याचं उत्तर मंत्रालयात शोधायची गरज नाही, असं मला वाटतं. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात दारूबंदी करायची की विक्रीचं नियमन, याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी दिलीय, त्यात मोहफूल येतं, आणि मेंढा-लेखासारख्या गावाने सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवूनही दाखवला. म्हणजे बंदी हवी असलेलं गाव आणि भट्टी हवी असलेलं शेजारचं गाव, दोघांनाही कायद्याचा आधार एकच आहे. वेळ झालीय. प्रश्न घेऊ या, मागच्या रांगेतून आधी.