आइसलंडचा रहवाल घोडा

लहान चणीचा घोडा दिसला की त्यास तट्टू म्हणून मोकळे होण्याची आपली रीत आहे. ‘भाड्याचे तट्टू’ हा शब्दप्रयोग तर त्या बिचाऱ्यास कायमचाच चिकटला. आइसलंडच्या लोकांस मात्र आपल्या घोड्यास कोणी तट्टू म्हटलेले खपत नाही. खांद्यापाशी तो जेमतेम १४० सेंटिमीटर भरतो. तरी धडधाकट माणसास पाठीवर घेऊन तो दूरची मजल मारतो, आणि तीही अशा ढंगाने की स्वारास हिसका म्हणून बसत नाही.

सामान्य घोड्यास पाऊलचाल, दुडकी आणि चौखूर धाव एवढ्याच चाली ठाऊक असतात. या घोड्यास ‘टोल्ट’ ही चौथी चाल उपजतच येते, आणि पुष्कळांस ‘स्केइद’ ही पाचवीही. टोल्टमध्ये खूर साध्या पावलांच्याच क्रमाने एकामागून एक पडतात, पण वेग दुडकीचा, प्रसंगी धावेचाही असतो. एक तरी पाय सदैव भुईवर असल्यामुळे स्वाराच्या हातातील भरला पेला सांडत नाही. फारसीतून आलेला ‘रहवाल’ हा शब्द अशाच सुखद चालीचा वाचक आहे. स्केइदमध्ये एका अंगाचे दोन्ही पाय जोडीने पडतात. ती थोड्या अंतराची वेगवान दौड होय.

नवव्या व दहाव्या शतकांत नॉर्वे व ब्रिटिश बेटे येथून आलेल्या वसाहतकारांनी हे घोडे आपल्या नावांतून आणले. दहाव्या शतकातच तेथील लोकसभेने परके घोडे आणण्यास मनाई केली, असे परंपरा सांगते. लाव्हाच्या खडकाळ, रस्ते नसलेल्या त्या मुलखात गाडी निरुपयोगी. म्हणून ‘सर्वांत गरजेचा सेवक’ हे नाव घोड्यास मिळाले. १७८३-८४ साली लाकी येथील ज्वालामुखीने कुरणे विषारी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक घोडे आणि सुमारे एकपंचमांश माणसे मेली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो घोडे ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कामासाठी विकले गेले. ज्याच्या चालीचे एवढे कौतुक, त्याच्या नशिबी अंधारात डबे ओढणे आले!

आजही बेटावर बाहेरचा घोडा येऊ दिला जात नाही. एवढेच नव्हे, तर बेट सोडून गेलेला आइसलंडी घोडाही परत येऊ शकत नाही. या बंदीचे समर्थन रक्ताच्या शुद्धतेवरून करणारे पुष्कळ आहेत. परंतु शास्त्राची साक्ष निराळी आहे. या चालींचे मूळ एका जनुकातील बदलात असल्याचे २०१२ साली दिसून आले, आणि तोच बदल जगातील इतर अनेक रहवाल जातींतही सापडला. २०१६ साली प्राचीन हाडांच्या परीक्षेवरून संशोधकांनी असे अनुमान काढले की, हा गुण प्रथम इंग्लंडात, इ. स. ८५० ते ९०० च्या सुमारास उद्भवला आणि तेथून आइसलंडास पोचला. म्हणजे बेटाचा जो अभिमान, तोच मुळात पाहुणा!

बंदीचे खरे कारण रोगाचे भय होय, आणि ते पोकळ नाही. बाहेरच्या रोगांशी ओळख नसलेल्या या घोड्यांत २०१० साली खोकल्याची साथ शिरली; तिने देशातील बहुतेक सर्व घोडे गाठले आणि त्या वर्षीचा राष्ट्रीय अश्वमेळा पुढे ढकलावा लागला. उलट, परदेशी गेलेल्या घोड्यांस तेथील चिलटांच्या दंशाने कातडीचा विकार जडतो. आज या जातीचे निम्म्याहून अधिक घोडे बेटाबाहेरच नांदतात.

आमच्या मते या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. दार लावून आइसलंडने एक सुंदर चाल हजार वर्षे सांभाळली, हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. पण ती चाल आली होती उघड्या दारातूनच. जतन करणाऱ्याने आपणास निर्माता समजू नये. आणि जे दार रक्षणासाठी लाविले, त्याने आतल्यांस दुबळे व बाहेर गेलेल्यांस परके केले, ही किंमतही हिशेबातून वगळू नये.