पर्यटक थांबले, गंगाजळी आटली : श्रीलंका, २०१८ ते २०२२

१/५
२०१८ साली श्रीलंकेत सुमारे २३ लाख परदेशी पर्यटक आले. त्यांच्याकडून मिळालेल्या ४ अब्जांहून अधिक डॉलरवर केवळ हॉटेले चालत नव्हती. देशाचे इंधन, औषधे आणि परकीय कर्जाचे हप्तेही काही अंशी त्यातूनच भागत.

२/५
एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या रविवारी बॉम्बस्फोट झाले. त्यातून पर्यटन सावरू लागले, तोच कोरोना आला. मार्च २०२० पासून सुमारे नऊ महिने परदेशी पर्यटकांना देशाची दारे बंद राहिली.

३/५
दारे उघडली, तरी पर्यटक परतले नाहीत. २०२१ च्या संपूर्ण वर्षात दोन लाखही आले नाहीत.

४/५
मात्र सारा दोष साथीच्या माथी मारता येणार नाही. कर्जाचा डोंगर जुना होता. २०१९ अखेरच्या करकपातीने महसूल घटला. २०२१ मधील रासायनिक खतांच्या आयातबंदीने शेती कोलमडली. पर्यटनाच्या डॉलरमुळे झाकली गेलेली दुखणी साथीने उघडी पाडली.

५/५
एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली; १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर अशी वेळ प्रथमच आली. पेट्रोलपंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. त्या रांगांतील कित्येकांचा पर्यटन व्यवसायाशी काडीचाही संबंध नव्हता.