गाण्याचे स्थलांतर
१९५७ साली लेस पॉल या अमेरिकन वादकाला अँपेक्स कंपनीचे आठ ट्रॅकांचे ध्वनिमुद्रण यंत्र मिळाले. एकेक वाद्य वेगळे मुद्रित होऊ लागले. आणि ती फीत त्याच मापाच्या दुसऱ्या यंत्रावरही वाजे. पुढे संगणक आला, तेव्हा मात्र एका प्रणालीत रचलेले गाणे दुसरीत उघडेना. १९९७ साली युरोपीय नभोवाणी संघाने ध्वनीबरोबर त्याची वेळही नोंदविणारी ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ फाइल ठरवून दिली. त्यामुळे प्रत्येक ट्रॅक आपल्या जागी बसू लागला. वाद्यांचा साधलेला तोल मात्र मागेच राही. तोही बरोबर नेणारा ‘डॉप्रोजेक्ट’ हा खुला आराखडा बिटविग व प्रीसोनस यांनी २०२३ साली दिला. परंतु तो सर्वच प्रणालींनी स्वीकारलेला नाही. म्हणून जाणता ध्वनिमुद्रक प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या आरंभापासून सलग, स्वतंत्र काढून जपून ठेवतो. प्रणाली उद्या बंद पडली, तरी कलावंताचे श्रम वाया जाऊ नयेत, एवढाच त्यामागील हेतू.