मुलाखतीच्या खुर्चीमागची माणसं



टीव्हीवर एखाद्या नामवंत नटीची मुलाखत लागली की आपण हातातलं काम बाजूला ठेवून बसतो. दोघीजणी समोरासमोर, मधे फुलदाणी, गप्पा अगदी घरच्यासारख्या. पाहताना वाटतं, त्या खोलीत दोघीच आहेत. प्रत्यक्षात त्यांच्यासमोर तीन कॅमेरे असतात आणि दिव्यांच्या मागे, अंधारात, दहा-बारा माणसं आवाज न करता उभी असतात. आज त्या माणसांविषयी बोलू. हे काम समजून घ्यायची गरज आम्हाला आमच्याच एका चुकीमुळे पडली. ती चूक शेवटी सांगतो.

मुंबईचं दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी सुरू झालं. त्याच वर्षी तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा कार्यक्रम आला. सिनेमातली नावाजलेली माणसं तिथे येऊन गप्पा मारत. बालकलाकार म्हणून पडद्यावर आलेल्या तबस्सुम यांनी हा कार्यक्रम 1993 पर्यंत, म्हणजे 21 वर्षं चालवला. सुरुवातीला चित्र काळं-पांढरं होतं, रंग 1982 साली आला. ज्या गावात एकच टीव्ही होता, तिथे सगळी आळी त्याच्यापुढे जमायची.

आता प्रश्न असा, की मुलाखतीला एक कॅमेरा का पुरत नाही? एकच कॅमेरा असेल तर आधी पाहुण्याचं बोलणं टिपायचं, मग तो फिरवून मुलाखत घेणाऱ्याकडून तेच प्रश्न पुन्हा वदवून घ्यायचे, आणि नंतर दोन्ही जोडायचं. पण आईची आठवण निघाल्यावर डोळ्यांत आलेलं पाणी दुसऱ्यांदा कसं आणणार? शिवाय मोठ्या पाहुण्याकडे वेळ थोडा. म्हणून एक कॅमेरा पाहुण्यावर, एक विचारणाऱ्यावर आणि एक दोघांना मिळून दाखवणारा, असे तीन एकदम चालू ठेवतात. त्यातही एक नियम आहे. दोघांच्या मधून एक रेघ ओढली आहे असं समजायचं आणि सगळे कॅमेरे रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचे. एखादा पलीकडे गेला, की समोरासमोर बसलेली माणसं एकाच दिशेला बघताना दिसतात.

तीन कॅमेऱ्यांना तीन कॅमेरामन. त्यांच्या कानात हेडफोन. शेजारच्या नियंत्रण कक्षात निर्माता तिन्ही चित्रं एकदम पाहतो आणि ‘आता दोन, आता तीन’ असं सांगतो. त्याप्रमाणे एकजण बटणं दाबून चित्र बदलतो. ज्या कॅमेऱ्याचं चित्र घेतलं जातं, त्यावर लाल दिवा लागतो. स्टुडिओत फ्लोअर मॅनेजर हाताच्या खुणांनी ‘सुरू करा’, ‘एक मिनिट उरलं’ हे कळवतो, कारण तिथे बोललं तर आवाज मुलाखतीत जाईल. ध्वनिमुद्रण करणारा पदराखाली माईक लावतो आणि बांगड्यांची किणकिण माईकमध्ये येते आहे का, हे कान लावून ऐकतो. दिवे लावणारा, रंगभूषा करणारी, वायरी सांभाळणारा, हे वेगळेच. एकाचं लक्ष चुकलं तर सगळ्यांचं काम वाया जातं. पंगतीत वाढताना कसं, भात घेऊन एक पुढे गेली आणि वरणवाली मागेच राहिली तर पंगत खोळंबते, तसंच.

अमेरिकेत 2 ऑक्टोबर 1953 रोजी ‘पर्सन टू पर्सन’ हा कार्यक्रम सुरू झाला. एडवर्ड मरो स्टुडिओत बसत आणि पाहुणे स्वतःच्या घरात. त्यासाठी आधीच पाहुण्याच्या घरी कॅमेरे, दिवे आणि वायरींचं जाळं न्यावं लागे. पाहुण्याला मरो दिसत नसत, फक्त आवाज ऐकू येई. तरी बघणाऱ्याला वाटे, दोघे गप्पा मारताहेत.

दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग होती. त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की पुष्कळदा तीच टेप पुसून पुन्हा वापरली जाई. अशा किती मुलाखती कायमच्या गेल्या! इतक्या माणसांनी जीव ओतून केलेलं काम, पण जपून ठेवणं हे कुणा एकाचं काम म्हणून ठरलेलं नव्हतं.

हे काम आपल्याला जमेल का, असं कुणी विचारेल. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने 1984 साली ‘व्हिडिओ सेवा’ सुरू केली. भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बाया कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांच्यातल्या काहींना अक्षरओळखही नव्हती. त्यांनी आपल्याच मैत्रिणींचे प्रश्न चित्रित केले. बटण ओळखायला शाळेचा दाखला लागत नाही.

आता आमची चूक. आमच्या गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आणि दुष्काळातल्या आठवणी आम्ही एका मोबाइलवर टिपल्या होत्या. दीड तासाचं बोलणं. पुढे बैठकीचे फोटो काढायला जागा हवी म्हणून आमच्यातल्याच एकीने ते पुसलं. तिची एकटीची चूक नव्हती. ते जपायचं कुणी, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. पुन्हा टिपू म्हणेपर्यंत आजी गेल्या.

तेव्हापासून आम्ही कामं वाटून घेतो. दोन मोबाइल, एक आजींच्या चेहऱ्यावर आणि एक दोघींवर, रेघेच्या एकाच बाजूला. एक मैत्रीण प्रश्न विचारते, एक आवाज ऐकते, एक वेळ बघते. पाचवीचं काम एकच: त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून ठेवायचं आणि वहीत तारीख, नाव लिहायचं. शेवटी पाचही जणींची नावं वाचून दाखवतो.

तुमच्या गावातही अशा आजी असतील. येत्या बैठकीत आधी पाचवी मैत्रीण ठरवा, मग मोबाइल सुरू करा.