त्वचेच्या कर्करोगाचे बाह्य निदान आणि वऱ्हाडची त्वचा

त्वचेचा कर्करोग शरीराच्या पृष्ठभागावर होतो. तरीही त्याचे निदान सुलभ ठरलेले नाही, ही वैद्यकाच्या इतिहासातील विचारार्ह गोष्ट होय. मांसाचा तुकडा न काढता वरून पाहून निदान करणाऱ्या साधनांची अचूकता आज टक्केवारीने सांगतात. ही टक्केवारी कोणाच्या त्वचेवरून काढली, हा प्रश्न अकोला जिल्ह्यातील पातूरसारख्या तालुक्याच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचा आहे.

या साधनांपैकी प्रमुख म्हणजे डर्मोस्कोप हे प्रकाशयुक्त भिंग. त्वचेवरून परावर्तित होणारी चकाकी तेलाने किंवा ध्रुवित प्रकाशाने नाहीशी केली, की आतील रंगद्रव्याची जाळी दिसू लागते. या पद्धतीला १९२० साली योहान साफिअर यांनी नाव दिले. १९७१ मध्ये रोना मॅकी यांनी मेलॅनोमाच्या निदानासाठी तिची उपयुक्तता दाखविली. १९८७ मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी तिची लक्षणे सूत्रबद्ध केली. २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार, निरोगी डाग ओळखण्याचे प्रमाण ८० टक्के धरले असता नुसत्या डोळ्यांनी ७६ टक्के मेलॅनोमा ओळखले जातात, तर भिंगाच्या साहाय्याने ९२ टक्के. हे अनुभव मुख्यतः गौरवर्णीय समाजांतील होत.

महाराष्ट्रातील इतिहास निराळा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन प्रसिद्ध केले. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेले वस्त्र, त्याचे घर्षण आणि घाम यांमुळे त्वचा काळवंडते, तिचे पापुद्रे निघतात, जखम होते आणि क्वचित तिचे कर्करोगात रूपांतर होते. वर्धा येथील डॉक्टरांचा सहभाग असलेल्या २०२४ च्या एका वृत्तान्तात सुमारे ४० वर्षे परकराविना लुगडे नेसणाऱ्या स्त्रीला असाच रोग झाल्याचे नमूद आहे. तो ओळखला गेला, तोपर्यंत जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत पसरला होता.

हा रोग रंगद्रव्यपेशींचा नसून शल्कपेशींचा होय. आणि शल्कपेशींच्या कर्करोगाबाबत निष्कर्ष काढण्याइतकी सामग्री उपलब्ध नाही, असे कॉक्रेनच्याच दुसऱ्या समीक्षेने नोंदविले आहे. तेव्हा ९२ टक्क्यांचा आकडा पातूरच्या शेतमजूर स्त्रीच्या कमरेवरील व्रणाला लावणे शास्त्रसंमत ठरत नाही. तो व्रण वस्त्राखाली झाकलेला असतो आणि नायटा समजून त्यावर मलम लावण्यात महिने निघून जाणे अशक्य नाही.

जपानचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तेथे मेलॅनोमा पुष्कळदा तळपायावर होतो. साइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वदेशीय रुग्णांच्या तळव्यांवरील रेषांचा अभ्यास करून २००४ मध्ये नवे लक्षण सिद्ध केले. त्याने सुमारे ८६ टक्के रोगी ओळखले गेले, आणि निरोगी डाग ९९ टक्के प्रसंगी वगळता आले. भिंग तेच होते; नियम मात्र तेथील त्वचेवरून काढलेला होता.

यावरून असे दिसते की, अचूकता हा केवळ यंत्राचा गुण नसून यंत्र, पाहणारा आणि त्वचा यांच्यातील संबंध होय. अकोल्यास २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आहे. वऱ्हाडातील रुग्णांच्या नोंदी भिंग आणि मांसपरीक्षा या दोहोंनी ताडून पाहण्याचे कार्य अशाच संस्थांचे आहे. तोपर्यंत कमरेची न भरणारी जखम दिसताच नेसण्याची पद्धत विचारणे आणि मांसाचा तुकडा तपासणे, हाच खानोलकरांनी घालून दिलेला मार्ग विश्वसनीय मानला पाहिजे.